वरचा बोल्ट

तिने उजवा हात कोपरापर्यंत तेलाने माखला आणि इंजिन व मागचा पत्रा यांच्यामधल्या फटीत घातला. फट अशी, की उंदराला आत शिरायचं झालं तरी मिशा बाहेर काढून ठेवाव्या लागल्या असत्या. मनगटापर्यंत हात गेला, मग धुराचा नळ आडवा आला. तिने अंगठा तळहातात दुमडला, श्वास सोडला आणि हात आणखी बोटभर आत सरकवला.

“हात अडकला तर सांग हो ताई,” टायरवाला म्हणाला. “गाडीसकट घरी पोचवू तुला.”

“तुम्ही आधी स्टुलावरून उठा. उजेड अडतोय.”

टायरवाला स्टूल न सोडता, स्टुलासकट बाजूला सरकला. त्याचं दुकान भिंतीपलीकडेच होतं, पण सकाळपासून त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कारण सरळ होतं. आज ही मोटर निघाली नाही, तर गॅरेज त्याचं होणार होतं.

ही अट बाबांची. बाबा म्हणजे ज्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणायची ते. आता ते दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेले असत. आजारपणाने त्यांची उजवी बाजू गेली होती. तो हात मांडीवर असा पडलेला असे, जणू कुणी परक्याने सांभाळायला म्हणून ठेवून दिलाय आणि न्यायला विसरलाय. तेव्हापासून गॅरेज तीच चालवत होती. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत, गाड्या तिच्या हातून दुरुस्त करून नेत आणि जाताना मात्र खुर्चीकडे वळून म्हणत, “येतो उस्ताद, उपकार झाले.” बाबाही मान डोलावून उपकार मान्य करत.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांची जुनी गाडी दोरीला बांधून आली. चावी फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर पुन्हा करकर करून मेली होती. ज्याने या गाडीचा आराखडा काढला त्याचं त्या दिवशी घरी कडाक्याचं भांडण झालेलं असणार. नाही तर धडधाकट माणूस स्टार्टरची मोटर अशा सांदीत बसवणार नाही. खालचे दोन बोल्ट गाडीखाली झोपून सापडतात. वरचा मात्र दिसत नाही. आरसा लावला तर आरशाला दिसत नाही. लोक सरळ इंजिन उचलतात.

बाबांनी गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि टायरवाल्याच्या देखत म्हणाले, “पोरी, इंजिन न उचलता हिची मोटर काढलीस तर गॅरेजची किल्ली तुझी. नाहीतर हा घेतो म्हणतोय गॅरेज, त्याला देऊन टाकतो.”

“हीच गाडी का?” तिने विचारलं होतं. “दुसऱ्या चार उभ्या आहेत.”

“हीच.”

हीच का, हे तिला ठाऊक होतं. गल्लीलाही ठाऊक होतं. याच गाडीवर दादा हरला होता.

दादा तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला, बाबांच्या हाताखाली शिकत होता. वरच्या बोल्टाशी तो कितीतरी दिवस झुंजला. बोटांची सालं निघाली, नखं काळी पडली. बोल्ट हलेना. शेवटी बाबांनी भर गिऱ्हाइकांत विचारलं, “बोटं आहेत की केळी?” मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि पडदा ओढला. तो पडदा अजून होता, तेलकट ताडपत्रीचा. अवघड काम उस्ताद नेहमी पडद्याआडच करत. बाहेर दादा चिंध्या गुंडाळलेले हात काखेत दाबून उभा होता. शेजारी वेणी घातलेली, लहानगी ती. आतून काहीतरी ताडकन वाजलं, बाबा मोठ्याने खोकले आणि मग रॅचेट पान्याचा आवाज आला, कट्कट्कट्, कट्कट्कट्. पडदा सरला तेव्हा मोटर बाबांच्या छातीशी होती.

टायरवाला पुढे ही गोष्ट सांगताना बाबांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचा आणि डाव्या हातात चहाचा कप द्यायचा. हल्ली हल्ली तर कपातला चहाही सांडत नव्हता.

दादाने मात्र ती गोष्ट कधीच सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे कामाचे कपडे खुंटीवर होते आणि तो नव्हता. आता तो दूरच्या शहरात कुणाच्या तरी मालाची गाडी चालवायचा. गाडी बंद पडली तर बॉनेट न उघडता मेकॅनिकला फोन लावायचा. बाबांशी बोलायचा नाही. तिला मात्र अधूनमधून फोन करायचा.

“लागला का हाताला?” खुर्चीतून बाबांनी विचारलं. आजारपणानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण नजर नव्हे. ती तिच्या खांद्यावर खिळलेली होती.

“लागतोय.”

खालचे दोन बोल्ट तिने मघाशीच काढले होते. मोटरीखाली लाकडी ठोकळा दिला होता. आता बोटांच्या टोकांना वरच्या बोल्टाचं डोकं लागलं. सहा कडा, पुरती गंजलेली. तिने जागा नीट ओळखून घ्यावी म्हणून त्यावर बोट दाबून फिरवलं.

डोकं तिच्या बोटांत आलं.

नुसतं डोकं. जुना टवका निघावा तसं अलगद. ते होतं तिथे बोट लावलं तर खाली बोल्टाचा तुटका बुंधा होता, आत घट्ट रुतलेला, वरून सपाट. कडेला फटी बुजवायच्या लांबीचा कडक थर बोटाला खरखरीत लागला.

ती तशीच वाकून राहिली. गाल पत्र्याला टेकलेला होता. समोर बॅटरीची सोडवलेली वायर लोंबत होती.

ताडकन वाजलं होतं. मग खोकला. मग कट्कट्.

मोटर एवढी वर्षं दोनच बोल्टांवर, जराशी तिरकी बसत होती. म्हणून इंजिनाच्या चाकाचे दात खात होती, म्हणून डॉक्टर सारखे येत होते. आणि दर वेळी पडदा ओढला जात होता.

“काय गं ताई, झोपलीस का?” टायरवाला म्हणाला. “पाना चालल्याचा आवाज नाही. उस्ताद काढायचे तेव्हा कसा घुंगरासारखा वाजायचा!”

तिने मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. बाबा आता तिच्याकडे बघत नव्हते. ते डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एक एक करून सरळ करत होते. सरळ केलेलं बोट पुन्हा मिटत होतं.

तिने डावा हात मागे नेला, बाकावरचा रॅचेट पाना उचलला आणि फटीत घातला. त्याचं रिकामं टोक बोटांत धरलं आणि दांडा मागेपुढे हलवायला सुरुवात केली.

कट्कट्कट्.

“वा!” टायरवाला स्टुलावरून उठला. “हाच! हाच आवाज!”

थोड्या वेळाने ती गाडीखाली गेली, ठोकळा काढला आणि मोटर छातीवर घेऊन बाहेर सरकली. टायरवाल्याचा चेहरा आधी पडला, मग सावरला. काही झालं तरी त्याला नवी गोष्ट मिळाली होती.

“उस्ताद, मानलं! पोरगी तुमच्यावर गेली.”

बाबांनी खिशातून किल्ली काढून खुर्चीच्या हातावर ठेवली. टायरवाला गल्लीला वर्दी द्यायला बाहेर पडला. गॅरेजात दोघंच उरली.

तिने मूठ उघडून त्यांच्यासमोर धरली. तळहातावर बोल्टाचं डोकं होतं.

बाबांनी ते पाहिलं.

“म्हणून हीच गाडी?” तिने विचारलं.

“दुसऱ्या कुठल्या गाडीवर तू हरली असतीस तर?”

तेवढ्यात बाकावरचा फोन वाजला. दादाचा होता. काल तिनेच त्याला सगळं सांगितलं होतं.

“काय गं चिमणे, निघाली का?”

“निघाली.”

“इंजिन न उचलता?”

“हो.”

पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. तो कुठेतरी रस्त्याकडेला उभा असावा.

“आणि वरचा बोल्ट?”

तिने मूठ मिटली. बाबांचा डावा हात हलायचा थांबला होता. बाहेर टायरवाला कुणाला तरी सांगत होता, “अगदी बापासारखी! डोळे मिटून!” खुर्चीच्या हातावर किल्ली होती.

“निघाला,” ती म्हणाली.

दादा थोडं हसला. “म्हणजे निघत होता तर. मला उगाच वाटायचं, की... जाऊ दे. म्हणजे माझ्यातच काही नव्हतं.”

“तसं नाही रे दादा. तुझा हात मोठा आहे. फट लहान आहे.”

“बाबांचा तर माझ्यापेक्षा मोठा होता.”

तिने बोल्टाचं डोकं मुठीत फिरवलं. मग तोच म्हणाला, “चल, ठेवतो. हॉर्न मारतायत मागचे. बोर्डावर आता तुझं नाव घाल हां.”

फोन ठेवून तिने हात पुसले. कोपरापर्यंत, नंतर पुन्हा एकदा. किल्ली उचलून कमरेला खोचली.

“परत बसवायची आहे ना,” बाबा हळूच म्हणाले. “संध्याकाळी डॉक्टर येतील.”

“हो.”

“लांबी खालच्या खणात आहे. मागे.”

त्या डब्याला ती इतकी वर्षं रेडिएटरच्या गळतीचा डबा समजत होती. तिने तो काढला. झाकण घट्ट बसलं होतं, तिने नखाने उचकटलं. आत अर्ध्यापेक्षा जास्त लांबी शिल्लक होती.

दारात पावलं वाजली. टायरवाला चार माणसं घेऊन आला होता. “बघा, बघा, आता वरचा बोल्ट बसवेल ती! बसवणं तर काढण्याहून कठीण!”

तिने पडद्याची कडा धरली. ताडपत्री जुनी होती, कड्या मधेच अडकत होत्या. तिने झटका दिला, तरी पडदा अर्ध्यावरच थांबला.

बाबा खुर्चीतून पुढे झुकले आणि दुसरं टोक त्यांनी डाव्या हाताने ओढून घेतलं.