पाकिटातली कमी होणारी गोळी

"ही झोपेची गोळी घरातल्या वयस्कर माणसाच्या हाती लागू देऊ नका हं," औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली होती. "त्यांच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर ती भलतंच करून बसते." सुनेनं मान डोलावली आणि पायरी उतरेपर्यंत विसरलीसुद्धा.

बाळंतपणानंतर उडालेली तिची झोप वर्ष उलटलं तरी परतली नव्हती. बाळ घोरायचं, नवरा घोरायचा, ही छताला टक लावून. डॉक्टरांनी गोळी दिली तेव्हा सासूबाईंनी नणंदेला फोनवर मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "आमच्या राणीसरकारांचा गोळीशिवाय डोळा लागत नाही बाई!" सुनेनं मनात गाठ मारून ठेवली.

म्हणूनच पाकिटातून रोज एक गोळी कमी होतेय हे कळल्यावर ती चिडली नाही, सुखावली. पाकीट कपाटात ठेवायचं सोडून तिनं ते पाण्याच्या जगाशेजारी ठेवलं. चोराला आयतं! रविवारी नणंद आली की सगळ्यांदेखत गोड आवाजात विचारायचं, "आई, आता राणीसरकार कोण?" भांडी घासताना तिनं हे वाक्य दहादा म्हणून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी सासूबाई भिंत धरधरून आल्या.

"पाय लटपटतायत का हो?"

"वय झालं गं."

होऊ दे, सून मनात म्हणाली. दोनच दिवस.

शनिवारी बाथरूममध्ये धप्पकन आवाज झाला. सासूबाईंचं मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रोज काय काय घेतात?"

नवऱ्यानं वाचून दाखवलं. रक्तदाबाची, लघवीची, गुडघेदुखीची.

"झोपेची?"

"छे! आईला कशाला लागते झोपेची?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, "मग दुखणं थांबायला जरा जोरकस इंजेक्शन देतो."

नर्सनं सुई भरायला घेतली. सुनेची नजर सुईवर. आणि मग तिच्या तोंडून फुटलं, "घेतात! माझीच घेतात. पंधरा दिवस झाले. मला माहीत होतं."

सुई थांबली. नवरा बायकोकडे पाहतच राहिला. सासूबाईंनी डोळे उघडले.

"माहीत होतं? मग बोलली का नाहीस, भवाने?"

वाचणाऱ्याकडे आज सुनेचं एक मागणं आहे. तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल, ज्याचं नाव निघालं तरी तुमचं डोकं तडकतं. आत्ताच उठा, त्याच्या खोलीत जा, ते कशाकशाबरोबर काय गिळतंय ते विचारा. गोड नाही बोललात तरी चालेल.