खोडावरची लव

फोटोत नवरी सुंदर दिसली नाही तर दोष नवरीचा नसतो, फोटोवाल्याचा असतो, असं छोटूचं ठाम मत होतं. त्याचा स्टुडिओ चालायचा तो याच मतावर. डोक्यावरचे केस गेले, चष्मा लागला, तरी घरात तो छोटूच राहिला, कारण वर ताई होती. ताईने जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. रस्त्याच्या कडेचं कुठलंही तण दाखवा, ती त्याची सात पिढ्यांची ओळख सांगणार, आणि छोटू आ वासून ऐकणार. तिच्यापुढे त्याचं कधी काही चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर चालावं असं त्याला वाटतही नसे.

या ताईला एकच सल होता. तरुणपणी पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर तिने एक निळं रानफूल पाहिलं होतं. ते झाड या भागातून कधीच नाहीसं झालंय, असं तज्ज्ञ मानत. हिने सांगितलं तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं, कारण हिच्याकडे पुरावा नव्हता, आणि पुढे ते फूल पुन्हा दिसलंच नाही. आता टाकीवरच्या माणसाने निळं काहीतरी फुलल्याचं सांगितलं, तेही कधी, तर रस्ता रुंद करायला तो उतार कापायचं ठरल्यावर. रस्त्याच्या कामावरचे साहेब भले होते. झाड तेच असल्याचं तज्ज्ञांनी फोटो पाहून कळवलं तर रस्ता पलीकडून नेऊ, म्हणाले. यंत्रं मात्र येऊन उभी होती, आणि ताईचे गुडघे त्या उताराला केव्हाच रामराम ठोकून बसले होते.

मग छोटू गेला. आपल्या ताईचं फूल म्हणून त्याने जीव ओतून फोटो काढला. मागचं सगळं धूसर, मधोमध निळं फूल, पाकळीवर कोवळं ऊन. घरी येऊन तो संगणकापुढे बसला आणि सवयीने हात फिरवू लागला. खालचं वाळकं पान उडवलं. खोडावर बारीक केस दिसत होते, नवरीच्या ओठावरची लव पुसावी तसे तेही पुसले. खोड कसं गुळगुळीत, तुकतुकीत झालं.

ताईने भिंग लावून फोटो पाहिला. तिच्या हनुवटीवरच्या तिळावर एक पांढरा केस होता, विचारात पडली की ती तो चिमटीत धरायची. आता बराच वेळ धरून बसली.

"फोटो देखणा आलाय रे," ती म्हणाली. "पण हे ते नव्हे."

याच फुलाचं एक चुलत भावंड कुठेही उगवतं, फुलांवरून दोघांत फरक करताच येत नाही, असं तिने समजावलं. फरक खोडात. तिने पाहिलेल्या झाडाच्या खोडावर लव होती, आणि ती सगळी खाली झुकलेली. एवढं सांगून तिने भिंग डबीत ठेवलं आणि चहा टाकू का म्हणून विचारलं. ती चिडली असती तर परवडलं असतं.

छोटूचे कान तापले. "ताई, केस होते. मी काढले."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "स्वतःच्या डोक्यावर एक उरला नाही, म्हणून त्याचेही काढलेस?" म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मूळ फोटो शाबूत होता, पण त्यात नीट दिसत होतं ते फक्त फूल. लव होती खरी, पण ती वर वळलेली की खाली, हे ताईलाही सांगता येईना. दोघं तडक निघाली. ताई उताराच्या पायथ्याशी घडीच्या खुर्चीवर बसली आणि फोनवरून त्याला शिकवत राहिली. आधी अख्खं झाड घे, वाळक्या पानासकट. शेजारी पट्टी उभी कर, उंची कळायला हवी. पानाची मागची बाजू घे, देठ खोडाला कुठे चिकटतो ते घे. काही तोडू नकोस, काही पुसू नकोस. फूल सगळ्यात शेवटी.

छोटू मातीत पालथा पडला. खोड कॅमेऱ्याच्या भिंगात स्पष्ट झालं. चंदेरी लव, एकूण एक केस खाली झुकलेला. जन्म गेला चेहरे निरखण्यात, पण इतकं जवळून आपण कुणाकडेच पाहिलं नाही, असं त्याला वाटलं. आणि हिने हे तरुणपणी एकदाच, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लोक हसले तरी लव कुठे झुकते ते विसरली नाही.

"खाली झुकलेत ताई, सगळे," तो फोनवर म्हणाला. "आता फूल घे," पलीकडून ताई म्हणाली.

तज्ज्ञांचं उत्तर आलं, झाड तेच होतं. साहेबांनी शब्द पाळला, यंत्रं पलीकडे गेली. वर्तमानपत्राला ताईचा फोटो हवा होता. उताराच्या पायथ्याशी, त्याच खुर्चीवर छोटूने तिला बसवलं.

"हनुवटीवरचा तो केस तेवढा काढ हं नंतर," ताई म्हणाली.

"नाही काढणार," छोटू म्हणाला. "मग ही आमचीच ताई, हे लोकांनी ओळखायचं कशावरून?"

ताईने हनुवटी जराशी उजेडाकडे वळवली आणि फोटो काढून होईपर्यंत तशीच बसून राहिली.