बरणीवरचा हात

"उठला! हात उठला!" अख्खं गाव ओरडलं. बरणीच्या तोंडाला ताणून बसवलेला रबरी हातमोजा एकेक बोट फुगवत ताठ उभा राहिला.

"साखर निघाली!" अउकुसोबुवा गरजला. "रक्तातून थुंकीत, थुंकीतून बरणीत, बरणीतून थेट आभाळात! फेका त्या गोळ्या, फेका त्या सुया!"

पुढे चटईवर माझी थोरली बहीण फुआतिनो आनंदानं डोळे पुसत होती. बरणीतली थुंकी तिचीच. तिनं इन्सुलिन सोडलं होतं. पायाची जखम चिघळत चालली होती, आणि ही बाई हसत होती!

माझं पोट कशावर चालतं? जीवशास्त्राच्या मास्तरांना वर्गात करून दाखवायचे आंबवण्याचे प्रयोग शिकवण्यावर. त्याच सकाळी शाळेत सगळ्यांकडून हेच करून घेतलं होतं: यीस्ट, साखर, कोमट पाणी, वर हातमोजा. आता तेच मास्तर इथे हात जोडून बसले होते.

"अहो लागी सर, सकाळी आपण काय केलं?"

"ते अभ्यासक्रमातलं, सर. हे देवाचं!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

ताईला दटावायची सोय नव्हती. आमच्या सामोआत बहिणीपुढे आवाज चढवणाऱ्या भावाला कुणी माणसात धरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच लाळ भरलेली करवंटी घेऊन रांगेत उभा राहिलो.

बुवानं करवंटी बरणीत रिकामी केली, वर आपलं पांढरट जीवनजल ओतलं आणि बरणी उमूच्या, म्हणजे दगडी भट्टीच्या, कोमट दगडांवर ठेवली. त्या दगडांवर सकाळीच तारोचे कंद भाजले होते. मग स्तोत्रांवर स्तोत्रं. गाऊन गाऊन घसे बसले तेव्हा कुठे हातमोजा उठला.

"गेली! तुझीही साखर गेली, बाळा!"

"माझी नाही, बुवा. ती आमच्या डुकरिणीची लाळ होती."

हशा पिकला. पण बुवा कसला वस्ताद! "मुक्या जिवांवरही कृपा होते हो!" लोकांनी माना डोलावल्या. लागी सरांनी तर जरा जास्तच.

तेवढ्यात ताई लंगडत उठली. "मग एक बरणी बिनथुंकीची लावा."

"आत्म्याची परीक्षा घेऊ नये, माई."

"मी बरणीची घेतेय." तिनं स्वतःच जीवनजल ओतलं, हातमोजा चढवला आणि बरणी दगडांवर ठेवून समोर फतकल मारून बसली. गाण्यावाचूनच हात उठला.

"ही कुणाची साखर गेली, बुवा?"

बुवा घाम पुसू लागला. मी उठून सांगितलं, "पाण्यात पावाचं यीस्ट आणि साखर आहे. ऊब मिळाली की यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, हातमोजा फुगतो. तुमच्या रक्ताशी त्याचा काडीचा संबंध नाही."

ताईचा चेहरा उतरला. ती पायाकडे बघत राहिली. मला रडू आवरेना.

"रडतोस काय मेल्या? दवाखान्यात ने मला," ती म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "आणि तुम्ही हो! पोरांना हात फुगवून दाखवता ना? मग कुणी असला हात दाखवला, तर एक बरणी थुंकी न घालता लावून बघायची, हेही शिकवा. मला कुणी शिकवलं असतं, तर हा पाय असा झाला नसता."