लोखंड लागू द्यायचं नाही

“दोउताई, परवा समितीपुढे मांडायच्या मुळ्या चांगल्या काळ्याभोर दिसू देत हं,” प्राध्यापक मियाओ वाळवणखोलीच्या दारातूनच म्हणाले. “फोटोत उठून दिसतात.”

“दिसतील, सर,” दोउ ग्वेइलान म्हणाली आणि लोखंडी ताटातल्या मुळ्या उलथत राहिली.

त्यांची पावलं जिन्यावर विरेपर्यंत तिनं मान वर केली नाही. तोंड गोड ठेवायला ती आता पक्की शिकली होती.

लानझोउच्या त्या वैद्यक महाविद्यालयात ती सत्तावीस वर्षं औषधी मुळ्या धूत, कापत, वाळवत आली होती. तिचा बाप डोंगरात मुळ्या खणायचा. तुरटमुळीला लोखंड लागू द्यायचं नाही, बांबूच्या सुपात वाळवायची, मातीच्या भांड्यात उकळायची, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. मियाओंनी वाळवणखोलीत लोखंडी ताटं आणवली, तेव्हा तिनं चिठ्ठी लिहून तसं कळवलं होतं. चिठ्ठी परत आली. खाली मियाओंच्या हातचं एकच वाक्य : ‘म्हाताऱ्यांच्या गोष्टी पुरे, लोखंडीच वापरा.’ खाली सही.

त्याच ताटांतल्या मुळ्यांच्या अर्कानं पुढे मियाओंचं नाव झालं. कर्करोगाच्या पेशीत जे लोखंड असतं तेच हा अर्क भडकवतो, पेशी आतून गंजून मरते, असा त्यांचा सिद्धांत. काचेच्या बशीत पेशी मरतही होत्या, धडाधड; लोखंड काढून घेणारं रसायन घातलं की जगत, हा त्यांचा पुरावा.

ग्वेइलानच्या नवऱ्याला, देशानला, फुप्फुसाचा कर्करोग निघाला. बसचालक माणूस, थट्टेखोर. शस्त्रक्रियेची तारीख लागलेली. मियाओ म्हणाले, “घरचाच माणूस. तीन महिने अर्क घेऊ दे, कापाकापी कशाला?” देशाननं विश्वासानं घेतला. “आतून गंजतोय गं, जुन्या बससारखा,” असं म्हणून हसायचा. पाचव्या महिन्यात गेला. मियाओ दारावर आले नाहीत. महाविद्यालयात भेटल्यावर म्हणाले, “प्रकृतीच मुळात कमकुवत होती त्यांची.”

त्या वाक्यानं ती पेटली. पण आरडाओरडा केला नाही. तिनं एक खेप गुपचूप बांबूच्या सुपात वाळवली आणि नेहमीच्या खुणेनं प्रयोगशाळेत पाठवली. पेशी मेल्या नाहीत. “खेप बिघडली,” असं म्हणून मियाओंनी ती फेकायला लावली. पुढची लोखंडावर वाळवली, पेशी मेल्या. आणखी दोनदा तिनं तसंच करून पाहिलं. मुळीत काही नव्हतं. तुरट रसात उतरलेला ताटांचा गंज पेशी मारत होता. तारीखवार सगळं तिनं वहीत लिहिलं.

बोलली मात्र नाही. त्याला एकोणीस महिने झाले. आत्ता सांगितलं तर हा माणूस पहिल्याच पायरीवरून घसरेल, फार तर ढोपर खरचटेल. त्याला चढू दे, वरपर्यंत चढू दे. मग शिडी काढू. परवा प्रांताची समिती येणार होती; रुग्णालयांत अर्क द्यायला तिची मान्यता मिळाली की मियाओ शिखरावर.

दुपारी ती गरम पाणी आणायला खाली गेली, तर बाकावर पांढरा रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. मांडीवर अर्काची तपकिरी बाटली.

“ताई, हे जेवणाआधी की नंतर?” बाईनं विचारलं. “सर सांगायचं विसरले बघा.”

“कुणासाठी?”

“लेकीसाठी. सफिया. एकोणीस वर्षांची आहे. मी मा आमिना, लिनश्याहून आलेय. पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं होतं, पण सर म्हणाले, थोडं थांबा, याच्यानंच विरघळेल. पाच आठवडे झाले.”

ग्वेइलाननं थर्मास बाकावर ठेवला. पाच आठवडे. ती परवाची वाट पाहत होती आणि कुणाची तरी लेक हे पीत होती. सांगावं, तर ही बाई तशीच मियाओंकडे धावेल, ते सावध होतील, ताटं नाहीशी होतील. दोनच दिवस. दोन दिवसांनी काय बिघडतं?

देशानलाही डॉक्टर म्हणाले होते, प्रत्येक दिवस मोलाचा आहे.

“ती बाटली इकडे द्या,” ग्वेइलान म्हणाली आणि तिथल्याच मोरीत तिनं ती उपडी केली.

“अहो! वेड लागलंय का तुम्हाला?”

“याच्यात औषध नाही, गंज आहे गंज! माझा नवरा हेच पिऊन मेला. आजच्या आज लेकीला घेऊन शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे जा. कुणाला विचारत बसू नका.”

आमिना गेली, पण आधी मियाओंकडे जाऊन ओरडली. संध्याकाळच्या आत वाळवणखोलीत चकचकीत स्टीलची ताटं आली. मियाओ स्वतः उभे राहून जुनी उचलून न्यायला लावत होते.

ठरल्या दिवशी समितीसमोर ते हात जोडून उभे राहिले. आवाजात खेद ओतप्रोत. “एक कटू गोष्ट मीच आपल्या नजरेस आणतो. वाळवणखोलीतल्या कर्मचाऱ्यानं निष्काळजीपणानं गंजकी ताटं वापरली. मी स्वतः ही चूक शोधली. अर्ज मागे घेतोय, नव्यानं प्रयोग करू.”

समितीतल्या माना हलल्या. किती प्रामाणिक माणूस! पांढऱ्या केसांच्या अध्यक्षा शेनबाई तर वहीत काही लिहूनही घेऊ लागल्या.

मागे चहा ठेवत असलेली ग्वेइलान पुढे आली. तिनं वही टेबलावर ठेवली आणि वहीवर ती चिठ्ठी.

“लोखंड काढून घेणारं रसायन घातलं की पेशी जगतात, हाच सरांचा पुरावा होता ना?” ती म्हणाली. “लोखंड कुणाचं, पेशीचं की ताटाचं, हे त्यांनी तपासलंच नाही. सही ओळखीची आहे का, सर?”

शेनबाईंनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, शेजारी सरकवली. खोलीतली एकेक मान मियाओंकडून वळली. हाच क्षण उशाशी घेऊन ग्वेइलाननं एकोणीस महिने काढले होते, आणि तो तिनं डोळे भरून पाहिला. खोटं कशाला, बरं वाटलं तिला. फार बरं वाटलं.

“तुम्हाला कधी कळलं हे?” शेनबाईंनी वहीतल्या तारखांवर बोट ठेवून विचारलं.

“एकोणीस महिन्यांपूर्वी.”

“मग बोलला का नाहीत?”

“ते अजून वर चढत होते.”

मियाओंचं पद गेलं. नावही गेलं. महिनाभरानं ग्वेइलानलाही पत्र आलं; माहिती दडवली म्हणून कामावरून कमी. ते तिनं मुकाट्यानं घेतलं. अर्क पिणारे आणखी अकरा जण होते. त्या सगळ्यांचे पत्ते मिळवून ती दारोदार सांगून आली होती. त्यांतली दोन दारं उघडली तेव्हा आत सुतकाचे पांढरे कपडे दिसले.

सफियाची गाठ काढली, पण थोडी यकृतात उतरली होती. ग्वेइलान लिलीकंदाची पेज घेऊन रुग्णालयात गेली. आमिनानं खुर्ची पुढे केली, पेजेचा डबा घेतला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “ताई, तुम्ही त्या दिवशी भेटला नसतात तर…”

ग्वेइलानला गप्प बसता आलं असतं.

“मला आधीपासून माहीत होतं,” ती म्हणाली. “तुमच्या लेकीनं पहिला घोट घेतला, त्याच्या कितीतरी आधीपासून.”

आमिनानं डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं, डबा ग्वेइलानच्या मांडीवर ठेवला आणि लेकीच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला.

पडद्यापलीकडे सफिया हलक्या आवाजात काहीतरी मागत होती. ग्वेइलान उठली, खुर्ची आवाज न करता भिंतीला लावली आणि गरम डबा दोन्ही हातांत धरून बाहेर पडली.