पडद्यावरचं गाऱ्हाणं

"गोकुळदास, काय रे खातंस? आमकांय दी मरे वायच!" मागून कुणीतरी ओरडलं आणि देवळाचा सभामंडप खदखदून हसला.

पडद्यावर गोकुळदासचं तोंड भिंतीएवढं झालं होतं. ओठ सावकाश उघडत होते, मिटत होते. आवाज नव्हता. त्याआधी सरकत्या जिन्यावरून माणसं गेली, विमानतळाच्या पट्ट्यावर बॅगा फिरल्या, मुरगाव बंदरात खनिजाचे डोंगर बोटीत रिकामे झाले. सगळ्यावर एकच घुमणारं संगीत. आता त्या रांगेत गोकुळदास.

इस्त्रीचा शर्ट घालून तो बायकोशेजारी, शालिनीशेजारी, पुढेच बसला होता. सगळा गाव त्यानंच बोलावून आणला होता.

गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. गावावरच्या कातळाच्या सड्यावर नवा रस्ता आला, त्यात गाव राखणाऱ्या राखणदाराचं झाड गेलं, तेव्हा फिल्म करणारी ऋतिका त्याच्याकडेच उतरली होती. शालिनीच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं बोटं चाटून खायची, दोघांना काका-काकू म्हणायची. गाऱ्हाणं देवापुढे घालतात, कॅमेऱ्यापुढे नाही, हे त्यानं तिला सांगितलं होतं. "काका, सगळं जग ऐकेल," असं म्हणत तिनं त्याच्या कॉलरला माईक लावला. जग ऐकेल म्हणून त्यानं वाडवडिलांचा नेम मोडला.

"बाय, आवाज खंय गेलो?" त्यानं मागं बसलेल्या ऋतिकाला वळून विचारलं.

"काका, या फिल्ममध्ये शब्दच नाहीत. पहिल्यापासून तसंच ठरलं होतं. तुमचा चेहराच सगळं बोलतो."

"मग माईक कित्याक लावलंस?"

"तुम्ही मनापासून बोलावं म्हणून."

गोड बोलून पोरीनं केसानं गळा कापला होता. गोकुळदासच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची त्याला लाजही वाटली. तो उठला. त्याची सावली पडद्यावर पडली.

"खाली बस रे!" मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानं हात जोडले. "बा देवा, सड्याच्या राखणदारा! तुजी जागा रवली नाय. आमचा काय चुकला-माकला असात ता पोटात घाल आणि जंय असशीत थंयसून लेकरांक सांभाळ रे म्हाराजा!"

इथं गावानं होकाराची साद द्यायची असते. बाप्यांनीच, बायकांनी नाही. सभामंडपात संगीत तेवढं घुमत राहिलं. लोक पडद्याकडे बघत होते.

शालिनीनं आजवर ती साद कधी दिली नव्हती. तिनं पदर सावरला आणि नवऱ्याशेजारी उभी राहिली.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.