टोपीखालची सुई

मित्रांनो, मला बघायला तुम्हाला भिंग लागेल, पण आहे मी चांगली जुनी. मी तापणारी सुई. टोकाला केसाहून बारीक काचेचा धागा, त्यावर प्लॅटिनमचा मुलामा आणि अंगात वीज. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे गावाच्या एका प्रयोगशाळेत काचेचा उंच नळ होता, त्यातल्या पाण्यात माझा जन्म गेला. वीज मला तापवायची, पाणी निववायचं. निवू नये म्हणून मला किती वीज लागते, त्यावरून पाणी किती खवळलंय ते माणसांना कळायचं.

आणि बुडबुडे! खालून थवेच्या थवे यायचे. एखादा अंगावर आला की क्षणभर मी कोरडी, संगणकाच्या पडद्यावरची माझ्या विजेची रेघ धाडकन खाली. एकदा तर एवढा थोरला आला, की मी आत पाय पसरून डुलकी काढली. खोटं वाटतं? वाटू दे.

मला घडवलं बेरेंटने. तिथला कारागीर, टकल्या आणि तोंडाळ. "चल गं म्हातारे, आंघोळीला," म्हणत मला नळात सोडायचा. भीती एकच. वीज चालू असताना पाणी गेलं, तर मी जळून जाणार. म्हणून माझी वीज लावली की बेरेंट आपली लोकरीची टोपी नळातलं पाणी बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हवर अडकवायचा. टोपी आहे तोवर व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही. पाटी नाही, कुलूप नाही.

मग नळ मोडायचं ठरलं. योरीन नावाची पोरगी त्यावर अभ्यास करत होती. जहाजाच्या पोटाखाली बुडबुडे सोडले तर पाणी शांत होतं की आणखी खवळतं, ते तिला शोधायचं होतं. सगळ्यात दाट बुडबुड्यांचं मोजमाप तेवढं राहिलेलं. ते शेवटच्या दिवशी सुरू झालं.

त्याच दिवशी बेरेंटचा निरोप. शेजारीच मलईचा केक मांडलेला.

"आज तरी कॉफीबरोबर दुसरं बिस्कीट मिळेल का?" बेरेंट म्हणाला.

"निवृत्त होतोयस, मरत नाहीयेस. एकच घे," योरीनने डबा मिटला.

"आणि फोटोला टोपी चढव बाबा," नळाची देखभाल करणारा रूलोफ ओरडला. "नाहीतर नुसता दिवा दिसेल!"

सगळे हसले. बेरेंटही हसत आला आणि त्याने व्हॉल्व्हवरची टोपी उचलली.

फोटो झाल्यावर रूलोफ नळाकडे आला. व्हॉल्व्हवर टोपी दिसली नाही. "झालं वाटतं मोजून," म्हणत त्याने तो फिरवला.

पाणी माझ्याखाली उतरलं. मला वाटलं, केवढा हा बुडबुडा, संपतच नाही.

"वीज! वीज बंद कर!" योरीन धावली. पडद्यावरची रेघ अर्ध्यातच तुटली होती. सुई दुसरी मिळाली असती, पण तोवर नळ मोडलेला असणार होता.

"पोरी, टोपी मी काढली," बेरेंट म्हणाला. रूलोफचा हात व्हॉल्व्हवर तसाच राहिला. केक कुणी कापला नाही.

आता मी बेरेंटच्या स्वयंपाकघरात खिडकीवर असते, काचेच्या नळीत. नळीवर त्याने ती टोपी घातलीय. ती तो कधीच उचलत नाही. कडाक्याच्या थंडीत उघड्या डोक्याने सायकल काढतो.

"अरे, कान गळून पडतील!" शेजारीण ओरडते.

"टोपी कामावर आहे," तो म्हणतो.

मित्रांनो, माझ्यात आता वीज नाही. मला कशाचंच भय उरलं नाही. हे मी त्याला सांगू शकत नाही. तुम्ही कधी तिकडे गेलात तर एवढं करा. माझ्यावरची टोपी उचला आणि त्याच्या डोक्यावर ठेवा. बाहेर फार गारठा आहे.