खांद्यावरचा पट्टा

“आवं, दुसरा बूट?”

“एकच घालून जातो,” म्हणत सयाजी स्वतःच हसले. उंबऱ्यावर बसून दहा मिनिटं झाली होती. डाव्या तळपायाला मोजा टेकला तरी निखारा ठेवल्यासारखं होत होतं.

मंगलने गोळ्यांचं पाकीट पुढं केलं. “आट दिस झालं. घ्या की आता.”

“आज न्हाई. डाक्टरीण इचारणार, डोक्याची गोळी चालू हाय का. न्हाई म्हनायचं तर ती न्हाईच पायजे.”

सतरा वर्षं फौजेत काढलेल्या नवऱ्याची ही तऱ्हा मंगलच्या अंगवळणी पडली होती. खोटं बोलायचं नाही, म्हणून गोळीच बंद! साखरेच्या आजारानं पायाच्या शिरा जळल्या, तेव्हा याच गोळीनं माणूस झोपायला लागला, उभा राहायला लागला. मग औषधाच्या दुकानात कुणी म्हणालं, ही तर येड्यांची गोळी. आणि नेमकं बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं, त्याला डॉक्टरचा दाखला हवा. विट्यात, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचा ऐवज ठेवणाऱ्या बँकेच्या दारात ते अकरा वर्षं स्वतःची बंदूक खांद्याला अडकवून उभे होते.

शेवटी चपला घालून निघाले. बूट मंगलच्या पिशवीत.

“मनाच्या आजाराची गोळी चालू आहे?” दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनींनी विचारलं.

“न्हाई, मॅडम.”

“चालून दाखवा.”

सयाजी ताठ चालले. चौथ्या पावलाला भिंत धरली.

“पायाला काय झालं, काका?”

विचारल्यावर लपवता येईना. सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीण हसली नाही.

“ती गोळी उदासीला देतात, तशी जळत्या शिरांनाही देतात. तुमचं दुखणं पायातलंच आहे, डोकं ठणठणीत. पण चालू करणार असाल, तर दाखल्यावर नाव लिहावं लागेल. बोला.”

सयाजींनी मंगलच्या पिशवीकडं बघितलं.

“ल्ह्या. हुबं तर ऱ्हायला पायजे.”

दोघं तशीच बँकेत गेली. मॅनेजर ऋषिराजने दाखला दोनदा वाचला.

“काका, मला कळतंय. पण वरच्यांना फक्त गोळीचं नाव दिसणार. बंदूक नको आता. तुम्ही दारात थांबा, लोकांना रांगेत लावा.”

“येडा म्हनून व्हय?”

“नाही हो.”

“मग ऱ्हातो.”

नोकरीपुरताच असलेला परवाना मग वाढवला नाही; बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली.

महिन्याभरानं मंगल बाजाराला जाताना बँकेवरून गेली. दारात सयाजी उभे. दोन्ही पायांत बूट, चकाचक पॉलिश केलेले.

“पाय?” तिनं लांबूनच विचारलं.

“गप हायती,” ते म्हणाले.

उजवा खांदा तेवढा जरा वर उचललेला होता, पट्टा घसरू नये म्हणून धरावा तसा.